गिरणी कामगाराचा श्वास आणि त्याचे मोजमाप

फुप्फुसात हवा किती मावते आणि ती किती वेगाने बाहेर पडते, या दोन गोष्टी मोजल्या की छातीच्या बहुतेक आजारांचा अंदाज बांधता येतो. चाचणी अगदी साधी असते. माणसाने छाती भरून श्वास घ्यायचा, नळी ओठांत घट्ट धरायची आणि आतली हवा संपेपर्यंत जोर लावून बाहेर फेकायची. बाहेर पडलेल्या एकूण हवेला एफव्हीसी म्हणतात आणि त्यातल्या पहिल्या सेकंदाच्या हवेला एफईव्ही-१. धडधाकट तरुण एकूण हवेपैकी साधारण चार पंचमांश हवा पहिल्या सेकंदातच टाकतो. श्वासनलिका आखडल्या असतील तर मुख्यतः पहिल्या सेकंदाचा आकडा घटतो. ॲस्बेस्टॉसने होते तसे फुप्फुसच ताठर झाले असेल, तर दोन्ही आकडे बरोबरीने खाली येतात.

ही चाचणी आज छातीच्या कोणत्याही डॉक्टरकडे होते. तिच्या घडणीत मात्र कोळशाच्या खाणींचा आणि सूतगिरण्यांचा वाटा फार मोठा आहे. कामगार म्हणतो, दम लागतो. मालक, विमा कंपनी आणि सरकार विचारतात, किती लागतो? या प्रश्नाला आकड्यात उत्तर द्यावे लागले म्हणून यंत्रे सुधारत गेली. आकडा हाती आल्यावर तो कोणाच्या आकड्याशी ताडून पाहायचा, हा त्याहून अवघड प्रश्न होता आणि तो अजून पुरता सुटलेला नाही.

धंद्याने छाती बिघडते हे जुने ज्ञान आहे. इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामात्सिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या आजारांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात जवस आणि भांगेचे तंतू विंचरणाऱ्यांचा खोकला व धाप यांची नोंद आहे. इंग्लंडमधल्या लीड्स शहरातले डॉक्टर चार्ल्स टर्नर थॅकरा यांनी १८३१ मध्ये निरनिराळ्या धंद्यांच्या प्रकृतीवरील परिणामांवर पुस्तक लिहिले. छातीतली हवा मोजणारे पाण्याचे एक ओबडधोबड उपकरणही त्यांनी वापरून पाहिले. हवेचा दाब हिशेबात धरण्याची सोय त्यात नव्हती. थॅकरा अडतिसाव्या वर्षीच क्षयाने गेले आणि त्यांचे हे काम पुढे नेणारा कोणी लगेच निघाला नाही.

खरी सुरुवात जॉन हचिन्सन यांच्यापासून धरतात. न्यूकॅसलजवळ जन्मलेले हे डॉक्टर लंडनमध्ये एका आयुर्विमा कंपनीसाठी काम करत. विमा उतरवू पाहणारा माणूस वरून ठणठणीत दिसतो, पण त्याच्या छातीत क्षय दडलेला असला तर कंपनी बुडते. म्हणून दडलेला रोग आधीच ओळखता येईल असे साधन त्यांना हवे होते. त्यांचा स्पायरोमीटर म्हणजे पाण्यात पालथे घातलेले भांडे होते. नळीतून फुंकले की आत हवा शिरे, भांडे वर उचलले जाई आणि ते किती उचलले हे पट्टीवर वाचता येई. वजने लावून भांडे तोलून धरल्यामुळे फुंकणाऱ्याला विरोध जाणवत नसे. १८४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी दोन हजारांहून अधिक माणसांची मोजमापे दिली. त्यांत खलाशी होते, आगीच्या बंबावरचे जवान होते, लंडनचे पोलीस, छापखान्यातले खिळे जुळवणारे, मद्याची पिंपे वाहणारे गाडीवान, मुष्टियोद्धे, दरिद्री आणि प्रतिष्ठितही होते. कामधंद्यानुसार गट पाडून श्वास मोजण्याची ही पहिली मोठी खटपट.

त्यांना आढळलेला नियम आजच्या प्रत्येक यंत्रात बसवलेला आहे. फुप्फुसाची क्षमता छातीच्या घेरावर ठरत नाही, ती उंचीबरोबर वाढते. पाच ते सहा फुटांच्या दरम्यान दर इंचामागे आठ घन इंच, म्हणजे सुमारे १३० मिलिलिटर हवा अधिक. वयाबरोबर ती घटते. यामुळे उंची आणि वय सांगितले की माणसाचा अपेक्षित आकडा काढता येऊ लागला आणि प्रत्यक्ष आकडा त्याहून किती कमी, हे रोगाचे माप ठरले.

त्याच निबंधात फ्रीमन नावाच्या अमेरिकन मुष्टियोद्ध्याची हकिकत आहे. हा माणूस जवळजवळ सात फूट उंच होता. इंग्लंडात आला तेव्हा त्याने ४३४ घन इंच, म्हणजे सात लिटरहून जास्त हवा फुंकली. सुमारे दोन वर्षांनी त्याचा आकडा ३४४ वर आला आणि पुढे तो क्षयाने मरण पावला. ३४४ घन इंच म्हणजे साडेपाच लिटरच्या वर. रस्त्यावरच्या चारचौघांशी तुलना केली असती तर हा आजारी माणूस उत्तम प्रकृतीचा ठरला असता. त्याचा आजार दिसला तो त्याच्याच जुन्या आकड्याशेजारी नवा आकडा ठेवल्यावर. हचिन्सन यांच्या कामात तुलनेच्या दोन्ही रीती आहेत, पण जगाने पहिली उचलली. दुसरीकडे वळायला शंभराहून अधिक वर्षे जावी लागली. हचिन्सन स्वतः १८५२ मध्ये लंडन सोडून ऑस्ट्रेलियाला गेले आणि १८६१ मध्ये फिजी बेटांवर वारले.

याच काळात युरोपातल्या सूतगिरण्यांमध्ये एक चमत्कारिक तक्रार ऐकू येत होती. बेल्जियममधल्या गेंट शहरात १८४५ मध्ये कामगारांची पाहणी झाली तेव्हा त्यांनी सांगितले की आठवड्याच्या शेवटी धूळ फारशी बाधत नाही, सोमवारी आणि मंगळवारी मात्र ती असह्य होते. १८६० च्या सुमारास इंग्लंडमध्ये सरकारसाठी पाहणी करणारे डॉक्टर ग्रीनहाउ यांनीही सोमवारचा हा त्रास नोंदवला. १८७७ मध्ये फ्रान्सचे आद्रियाँ प्रूस्त यांनी या रोगाला बायसिनोसिस हे नाव दिले. कादंबरीकार मार्सेल प्रूस्त यांचे हे वडील.

सोमवारच का, याचे उत्तर धुळीच्या स्वभावात आहे. कापसाच्या गासडीत केवळ कापूस नसतो. बोंडाभोवतीच्या सुकलेल्या पानांचा चुरा, माती आणि त्यांवर वाढलेले जीवाणूही असतात. त्या जीवाणूंतली विषद्रव्ये फुप्फुसात गेली की काही तासांनी श्वासनलिका आवळतात. रोज धूळ खाल्ली की शरीर तिला काहीसे सरावते. एका सुटीने तो सराव मोडतो आणि कामाच्या पहिल्या दिवशी छाती पुन्हा आवळते. सुरुवातीला हा त्रास संध्याकाळपुरताच असतो, वर्षे जातात तसा तो मंगळवार, बुधवार असा पसरतो आणि शेवटी रविवारीही जिना चढताना धाप लागते.

म्हणजे हे लक्षण उमटायला आठवड्याची सुटी असावी लागते. मुंबईच्या गिरण्यांत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० मध्ये रविवारची सुटी मान्य झाली. त्याआधीच्या पस्तीसेक वर्षांत गासड्या फोडणाऱ्या ब्लो रूममध्ये आणि कापूस विंचरणाऱ्या कार्डिंग खात्यात राबलेल्यांची छाती काही कमी आवळली नसेल. पण ठरावीक सुटीच नसेल तिथे ठरावीक दिवसाचा त्रासही दिसणार नाही. सुटीचा हक्क मिळाल्यावरच रोगाचा ठसा वेगळा दिसू लागतो, ही गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात फारशी बोलली जात नाही.

तक्रार इतकी स्पष्ट असूनही ती मोजायला कोणी गेले नाही, याला क्ष-किरणही कारणीभूत आहेत. १८९५ मध्ये त्यांचा शोध लागला आणि दोन-तीन दशकांत छातीचा फोटो हाच धुळीच्या रोगांचा मुख्य पुरावा बनला. सोन्याच्या खाणीतल्या कामगारांचा सिलिकोसिस फोटोत दिसतो. १९३० मध्ये जोहान्सबर्गला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत या रोगाच्या पायऱ्या ठरवताना फोटोवरच मोठी भिस्त होती. कापसाच्या धुळीची खूण फोटोत उमटतच नाही. त्यामुळे गिरणी कामगाराकडे त्याच्या बोलण्याखेरीज दुसरा पुरावा नव्हता. ब्रिटनने १९४१ मध्ये बायसिनोसिससाठी भरपाईची योजना आणली ती फक्त पुरुषांसाठी, तीही वीस वर्षे धुळीच्या खात्यात काढून कायमचा निकामी झाला असेल त्याच्यासाठी. त्याच खात्यांत काम करणाऱ्या बायकांना काही वर्षे थांबावे लागले.

फोटोवरचा हा भरवसा डळमळला तो कोळशाच्या खाणींमुळे. साउथ वेल्समधल्या खाणकामगारांना सिलिकोसिसच्या व्याख्येत न बसणारा रोग होतो, हे १९३७ नंतरच्या पाहणीत दिसले आणि १९४३ मध्ये तो भरपाईस पात्र ठरला. १९४५ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने कार्डिफजवळच्या लँडॉक रुग्णालयात न्यूमोकोनिओसिस, म्हणजे धुळीने होणारे फुप्फुसाचे रोग, यांचा संशोधन विभाग स्थापन केला. चार्ल्स फ्लेचर त्याचे पहिले संचालक. आर्ची कॉक्रेन यांनी ऱ्होंडा फाख या खोऱ्यातल्या जवळजवळ सगळ्या खाणकामगारांचे फोटो काढले. जॉन गिल्सन आणि फिलिप ह्यू-जोन्स यांनी फुप्फुसाच्या चाचण्या केल्या. सगळे आकडे समोर आल्यावर लक्षात आले की, रोग साध्या अवस्थेत असताना फोटोतले डाग आणि माणसाची धाप यांचा मेळ बसत नाही. फोटो काळवंडलेला, पण माणूस डोंगर चढतो. दुसऱ्याचा फोटो बरा, पण त्याला घराबाहेरची चढण झेपत नाही. भरपाई जर काम करण्याची ताकद गेल्याबद्दल द्यायची, तर ती ताकदच मोजायला हवी होती.

त्या वेळची प्रचलित चाचणी कष्टाची होती. रुग्णाने पंधरा सेकंद शक्य तितक्या जोराने आणि भराभर श्वास घ्यायचा-सोडायचा आणि त्यावरून मिनिटाचा हिशेब करायचा. आजारी खाणकामगार तेवढ्यात घामाघूम होई, काहींना ती पुरी करताच येत नसे. यातून सुटका केली पॅरिसच्या रॉबेर तिफनो यांनी. १९४७ मध्ये पिनेली यांच्यासह त्यांनी दाखवले की एकाच जोरदार उच्छ्वासातली सुरुवातीची हवा मोजली तरी तोच बोध होतो. ब्रिटनमध्ये प्रथम पाऊण सेकंदाचे माप वापरले गेले आणि त्याला ४० ने गुणून मिनिटाचा आकडा काढत. १९५७ मध्ये ब्रिटनच्या थोरॅसिक सोसायटीने नावे आणि खुणा ठरवून दिल्या आणि हळूहळू एक सेकंद हेच माप जगभर रूढ झाले.

एका श्वासाच्या चाचणीमुळे प्रयोगशाळा गिरणीच्या दारात नेता आली. तिचा सर्वांत चांगला उपयोग रिचर्ड शिलिंग यांनी केला. ते पूर्वी कारखान्यांचे वैद्यकीय निरीक्षक होते आणि १९५० च्या दशकात मँचेस्टरला शिकवत होते. लँकेशायरमधला बायसिनोसिस आता इतिहासजमा झाला, असा त्या वेळी समज होता. शिलिंग यांनी जाड्या सुताच्या गिरण्यांतल्या कार्डिंग खात्यांतल्या कामगारांना शांतपणे विचारायला सुरुवात केली तेव्हा निम्म्याहून अधिक पुरुषांना हा रोग असल्याचे आढळले. प्रश्न साधे होते: छाती कधी आवळते? कोणत्या दिवशी? या उत्तरांवरून त्यांनी पायऱ्या पाडल्या. पहिल्या दिवशी कधीकधी त्रास ही अर्धी पायरी, दर पहिल्या दिवशी त्रास ही पहिली, इतर दिवशीही त्रास ही दुसरी, आणि त्यात फुप्फुसाची कायमची हानी मिळाली की तिसरी. आजही हा रोग याच पायऱ्यांनी सांगतात.

पण पायऱ्या शेवटी कामगाराच्या शब्दावर उभ्या होत्या आणि भरपाई मागणाऱ्याच्या शब्दाला वजन कमी असते. १९५८ मध्ये मॅकेरो, मॅकडरमॉट, गिल्सन आणि शिलिंग यांनी कार्डिफची चाचणी आणि लँकेशायरची तक्रार एकत्र आणली. कापूस कामगारांना सोमवारी पाळी सुरू होण्यापूर्वी फुंकायला लावले आणि दिवसभरात पुन्हा मोजले. पाळी सरता सरता श्वास घटलेला दिसला. इथे तुलना कोण्या आदर्श पुरुषाशी नव्हती. सकाळचा माणूस आणि संध्याकाळचा तोच माणूस, त्याची उंची तीच, वय तेच, वंश तोच, विडी-सिगारेटची सवय तीच. मध्ये बदलले होते ते एवढेच की त्याने पाळीभर कापसाची धूळ खाल्ली होती. फुप्फुस-चाचणीच्या साऱ्या इतिहासात याहून प्रामाणिक तुलना सापडणे कठीण आहे. शंभर वर्षे जिला कामगारांची कुरकूर समजले गेले, तिला आता मिलिलिटरमध्ये उत्तर होते.

ढोंगाची शंका मात्र गेली नाही. ही चाचणी फुंकणाऱ्याच्या प्रयत्नावर चालते. मुद्दाम हळू फुंकले तर आकडा कमी येणारच, असा आक्षेप मालकांकडून आणि वैद्यकीय मंडळांकडून येत राहिला. त्यावरचा उपाय चाचणीच्या पद्धतीतच आहे. पूर्ण जोर लावला की दरवेळी आलेख जवळजवळ एकसारखा येतो. हात राखून फुंकणाऱ्याला तोच अर्धवट जोर तीन वेळा हुबेहूब लावता येत नाही. म्हणून किमान तीन चांगले प्रयत्न घेतात आणि त्यांतले सर्वोत्तम दोन १५० मिलिलिटरच्या आत जुळावे लागतात. यंत्राचीही रोज तीन लिटरच्या पिचकारीने परीक्षा होते. हे नियम अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने १९७९ मध्ये प्रथम लेखी केले आणि पुढे अनेकदा सुधारले. प्रत्यक्षात चाचणीचा दर्जा तंत्रज्ञाच्या आवाजावर अवलंबून असतो. ‘फुंका, फुंका, अजून, अजून, थांबू नका’ असे तो ओरडत राहिला नाही तर सहा सेकंदांची फुंक तीन सेकंदांत संपते आणि एफव्हीसी खोटा कमी येतो.

अमेरिकेत हे ज्ञान पोचायला उशीर लागला. आपल्याकडे हा रोग नाही, असे तिथला गिरणी उद्योग बराच काळ सांगत होता. डच वंशाचे आरेंड बाउहाउस यांनी १९६० च्या दशकात अटलांटाच्या केंद्रीय तुरुंगातल्या सूतगिरणीसह अनेक ठिकाणी चाचण्या करून तो आहे हे दाखवले. १९७५ मध्ये कॅरोलायनातल्या आजारी कामगारांनी स्वतःची संघटना उभारली आणि १९७८ मध्ये कापसाच्या धुळीचा केंद्रीय नियम आला. सूत काढण्याच्या खात्यांत घनमीटर हवेत २०० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक धूळ नको, हा त्यातला मुख्य आकडा. कामगाराला किमान ३५ तास धुळीपासून दूर ठेवून आठवड्याच्या पहिल्या दिवशी पाळीआधी चाचणी घ्यायची, मग पाळी सुरू झाल्यावर चार ते दहा तासांच्या दरम्यान पुन्हा. एफईव्ही-१ पाच टक्क्यांनी किंवा २०० मिलिलिटरने पडला तर त्याची तपासणी वर्षाऐवजी सहा महिन्यांनी. शिलिंग यांचा सोमवार असा कायद्यात उतरला. गिरणी मालक सर्वोच्च न्यायालयात गेले, पण १९८१ मध्ये नियम कायम राहिला.

मुंबईत पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये ताडदेवला चालू झाली. पुढच्या शंभर वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सारा पट्टा गिरणगाव बनला. रत्नागिरी, सातारा या भागांतून आलेल्या माणसांनी तो भरला. विदर्भ-खानदेशातून आलेल्या गासड्या ब्लो रूममध्ये फुटत, तिथून कापूस कार्डिंगला जाई. धूळ सर्वांत जास्त याच दोन खात्यांत असते. पुढे सूत काढणारे थ्रॉसल आणि मग विणकामाचे साचे खाते यांपर्यंत जाता जाता ती कमी होत जाते. बायसिनोसिसही त्याच उतरंडीने आढळतो.

केईएम रुग्णालय या पट्ट्याच्या मधोमध उभे आहे. तिथल्या डॉ. एस. आर. कामत आणि सहकाऱ्यांनी कापड गिरणीतल्या कामगारांचा पाच वर्षे पाठपुरावा करून १९८१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांच्यापुढचा प्रश्न इथल्या परिस्थितीतून आलेला होता. विडी ओढणारा, दाटीवाटीच्या चाळीत राहणारा, गिरण्यांच्या धुरांड्यांखाली श्वास घेणारा माणूस धापा टाकतो तेव्हा त्यात कापसाची धूळ किती आणि बाकीचे किती? एकदाच चाचणी घेतली तर जुनाट ब्राँकायटिस आणि मुरलेला बायसिनोसिस सारखेच दिसतात. वेगळेपण कळते ते पहिल्या दिवशीच्या घसरणीतून आणि वर्षानुवर्षांच्या उतारातून. पाच वर्षे तीच माणसे पुन्हा पुन्हा मोजण्याचे मोल यात आहे.

अशा पाहणीत एक चोरवाट राहतेच. ज्याची छाती खरोखर बिघडली तो खाडे करू लागतो, नोकरी सोडतो, गावी जातो. आजारी पडले की गाव गाठायचे, ही गिरणगावातली जुनी रीत होती. खात्यात उभे राहून फुंकणारे असतात ते टिकलेले. त्यामुळे गिरणीत मोजलेला रोग प्रत्यक्षापेक्षा कमीच भरतो.

कायद्याच्या कागदावर बायसिनोसिस भारतातही होता. कारखाने कायद्याच्या परिशिष्टात तो कळवण्याजोग्या रोगांत होता आणि कामगार नुकसानभरपाई कायदा व कर्मचारी राज्य विमा कायदा यांत व्यावसायिक रोग म्हणून नोंदलेला होता. भरपाई मिळायची तर वैद्यकीय मंडळाने कमाईची ताकद किती टक्के गेली हे ठरवावे लागते आणि त्यासाठी आकडा लागतो. १९८२ च्या संपाच्या वेळी मुंबईत अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार होते. इतक्यांच्या शहरात भरपाईपर्यंत पोचण्यासाठी कामगारांच्या बाजूने उभे राहणारे डॉक्टर आणि कार्यकर्ते लागले. डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांच्या गटाने मुंबईतल्या एका गिरणीतील बायसिनोसिसची पाहणी १९९५ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा संप होऊन एक तप उलटले होते आणि गिरण्या एकामागून एक बंद पडत होत्या.

आकडा हाती असला तरी ‘अपेक्षित’ म्हणजे काय, हा हचिन्सन यांच्यापासूनचा प्रश्न उरतोच. त्याला एक काळी बाजू आहे. अमेरिकेत गुलामांचे मालक असलेले डॉक्टर सॅम्युएल कार्टराइट यांनी कृष्णवर्णीयांच्या फुप्फुसांची क्षमता २० टक्क्यांनी कमी असल्याचा दावा गुलामगिरीच्या समर्थनासाठी केला. यादवी युद्धातल्या सैनिकांची मोजमापे १८६९ मध्ये बेंजामिन गूल्ड यांनी छापली आणि त्या दाव्याला आकड्यांचे बळ दिले. ती माणसे कशी जगली होती, काय खात होती, याचा विचार त्यात नव्हता. हाच समज पुढे यंत्रातल्या गुणकात शिरला. १९७८ च्या ज्या नियमाने सोमवारला मान दिला, त्याच नियमात कृष्णवर्णीय कामगाराचा अपेक्षित आकडा ०.८५ ने गुणून कमी धरायची सूचना होती. परिणाम असा की गोऱ्या कामगाराचा जो आकडा आजारी ठरे, तोच आकडा शेजारच्या काळ्या कामगाराच्या बाबतीत निरोगी ठरे. १९९९ मध्ये बाल्टिमोरच्या न्यायालयात ॲस्बेस्टॉसच्या दाव्यांत एका कंपनीने कृष्णवर्णीयांसाठी वेगळे निकष मागितले. या साऱ्याचा साद्यंत इतिहास लंडी ब्राउन यांनी २०१४ च्या पुस्तकात मांडला आहे.

भारतीयांबाबतही तसेच घडले. युरोपीय समीकरणे घ्यायची आणि त्यातून सरसकट एक दशांश वजा करायचे, ही सोय बरीच वर्षे चालली. डॉ. कामत यांच्या गटाने १९७७ मध्ये आणि डॉ. फारोख उदवाडिया यांच्या गटाने १९८७ मध्ये निरोगी भारतीयांची मोजमापे घेऊन इथली समीकरणे दिली, हे मोठेच काम होते. तरीही कोणताही नमुना आपल्या काळाची छाप घेऊन येतो. लहानपणी अपुरे खाणे, चुलीचा धूर, शहराची हवा यांतून वाढलेल्या माणसांचे सरासरी फुप्फुस हेच ‘सामान्य’ धरले, तर गरिबीने झालेले नुकसान अपेक्षितातच जमा होते आणि भरपाईच्या हिशेबातून निसटते. २०१२ च्या जागतिक समीकरणांत वेगवेगळे वांशिक गट होते, पण भारतीयांसाठी स्वतंत्र गट नव्हताच. २०२२ मध्ये वंश न विचारणारे एकच समीकरण तयार झाले आणि २०२३ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने तेच वापरावे अशी शिफारस केली.

समीकरणांचा हा वाद चालू असताना माणसाला त्याच्याच जुन्या आकड्याशी ताडण्याची रीत वेगळ्या वाटेने बळकट झाली. कार्डिफच्याच विभागात काम केलेल्या मार्टिन राइट यांनी मॅकेरो यांच्यासह १९५९ मध्ये पीक फ्लो मीटर पुढे आणला. उच्छ्वासाचा सर्वांत जास्त वेग दाखवणारे हे उपकरण १९७० च्या दशकात हातात मावण्याइतके लहान आणि स्वस्त झाले. शेरवूड बर्ज आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात झाळणाच्या धुराने दमा झालेल्या कामगारांकडे ते सोपवले. कामगाराने दिवसातून अनेकदा, कामावर आणि घरी, सुटीच्या दिवशीही स्वतः फुंकायचे आणि आकडा वहीत लिहायचा. काही आठवड्यांचा आलेख काढला की कामाच्या दिवसांत रेषा खाली जाते आणि सुटीत वर येते. व्यावसायिक दमा ओळखण्याची ही पहिल्या फळीची पद्धत झाली आणि मोजण्याचे साधन पहिल्यांदाच मोजल्या जाणाऱ्याच्या खिशात आले.

लांब पल्ल्याचे काम चार्ल्स फ्लेचर यांनी केले. कार्डिफहून लंडनला आल्यावर त्यांनी पश्चिम लंडनमधल्या ७९२ नोकरदार पुरुषांना आठ वर्षे दर सहा महिन्यांनी मोजले. रिचर्ड पीटो यांच्यासह १९७७ मध्ये मांडलेला त्यांचा निष्कर्ष असा की निरोगी माणसाचा एफईव्ही-१ तिशीनंतर वर्षाला साधारण ३० मिलिलिटरने उतरतो आणि काही धूम्रपान करणाऱ्यांत तो कितीतरी वेगाने घसरतो. धुळीच्या खात्यातल्या कामगाराच्या घसरणीला यामुळे मोजपट्टी मिळाली. आज कामगारांच्या तपासणीत नोकरीच्या सुरुवातीची चाचणी पायाभूत धरतात आणि वयाची अपेक्षित घट वजा करूनही त्याहून १५ टक्के उतार पडला तर पुढची तपासणी सुरू होते, मग आकडा समीकरणाच्या दृष्टीने सामान्य असला तरीही.

यासाठी जुना कागद जपून ठेवलेला असावा लागतो. ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये आदेश दिला की कारखान्यांनी प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा नोकरी सुटल्यापासून किमान १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर सांभाळावी. ॲस्बेस्टॉसचा रोग दशकांनी उमटतो, म्हणून ही मुदत. ज्या कामगाराची पहिल्या दिवशीची फुंक कुठेच नोंदलेली नाही, त्याचा दावा अजूनही अपेक्षित आकड्याच्या समीकरणावरच ठरतो.